भट्टीवरचा गूळ

माझ्या साडूचा पहिला हेवा मला कधी वाटला ते सांगता येणार नाही, पण सगळ्यात मोठा कुठे वाटला ते नीट आठवतं. राहात्याला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला पुरुषांच्या मुताऱ्या होत्या आणि मी तिथे भिंतीकडे तोंड करून केव्हाचा उभा होतो. पोट फुगलेलं, घाई तर अशी की चालताही येत नव्हतं, आणि उभा राहिलो तर काही नाही. थेंबाथेंबाने कारभार चाललेला. तेवढ्यात साडू आला. माझ्या शेजारी उभा राहिला, गावाकडच्या पावसापाण्याबद्दल दोन शब्द बोलला, त्याचं पाणी भिंतीवर जोरात आपटलं, आणि हात धुऊन तो निघूनही गेला. माझ्यानंतर आला आणि माझ्याआधी गेला. जाताना वर म्हणाला, साडू, पंगती बसल्यात, लवकर या.

त्याचं वय सत्तर, माझं सहासष्ट. म्हणजे हे दुखणं आधी त्याला व्हायला हवं होतं. मी तिथे उभा राहून हाच हिशेब करत होतो. बाहेर पहिली पंगत उठली तरी मी आतच होतो. माणसाला माणसाच्या बंगल्याचा हेवा वाटतो, पोराच्या नोकरीचा वाटतो, हे सगळे समजून घेतात. मला एका म्हाताऱ्याच्या लघवीच्या धारेचा हेवा वाटला. हसायचं असेल त्याने हसावं, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं, मनात कधीच केलं नाही. आमची सासुरवाडी देवळाली प्रवरेची, चांगली उसाची. मी पारनेरकडचा, कोरडवाहू. दिवाळीला आम्ही दोघे जावई जेवायला बसायचो तेव्हा पहिला पाट त्याचा, पहिली पोळी त्याला, आणि तुपाची वाटी माझ्यापर्यंत येईस्तोवर तळाला गेलेली. सासूबाई मुद्दाम करत नसत. तो थोरला होता, एवढंच. पण थोरला असण्यासाठी त्याने काय केलं होतं, हे मला कधी कळलं नाही.

त्यात नोकरीही मला त्यानेच लावून दिली. राहात्यात नगर-मनमाड रस्त्याला जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं एक दुकान होतं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रकांच्या बॅटऱ्यांची रांग लागायची. साडू तिथे आधीपासून होता, त्याने शब्द टाकला आणि शेठनी मला ठेवून घेतलं. ज्याने उपकार केला तोच माणूस दिवसभर डोळ्यांसमोर असावा, ही काय शिक्षा आहे ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

माझं काम पुढच्या बाजूला. बॅटऱ्या उघडायच्या, आतलं ॲसिड काढायचं, डबे सोड्याने धुवायचे. माझ्या पँटीला गुडघ्यापर्यंत भोकं पडलेली असत. साडू मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीवर. तिथे जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं कढईत वितळवायचं आणि पळीने साच्यात ओतून नव्या पट्ट्या पाडायच्या. ओतताना हात हलला की पट्टी वाकडी. ते काम कसबाचं होतं, म्हणून शेठ त्याला मिस्त्री म्हणायचे. मला म्हणायचे, ए.

मिस्त्री म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, ते मी सोसलं असतं. खरं दुखणं होतं दूध-गुळाचं. भट्टीवाल्याला रोज अकरा वाजता समोरच्या हॉटेलातून पेलाभर गरम दूध यायचं, आणि त्याबरोबर गूळ, हवा तेवढा. बाकीच्यांना नुसता चहा. यात शेठचा काही दुष्टावा नव्हता, उलट प्रेमच होतं. त्यांच्या वडिलांपासून ती रीत होती. या धंद्यातली सगळी माणसं मानायची की गुळाने शिसं पोटातून खाली उतरतं आणि दूध त्याला वाट करून देतं. आमच्या भागात गुऱ्हाळं भरपूर, त्यामुळे गुळाची अख्खी ढेप यायची आणि भट्टीच्या वरच्या फळीवर बसायची. दुकानात दुसरीकडे कुठेही ठेवली की तासाभरात मुंग्या लागत. त्या फळीवर एकही मुंगी चढत नसे. आम्हाला ती सोय वाटायची.

ढेपेवर दोन दिवसांत राखाडी थर बसायचा. तो फुंकायचा, आणि ज्या छिन्नीने बॅटऱ्यांतल्या शिशाच्या प्लेटा फोडायच्या त्याच छिन्नीने गुळाचा खडा फोडायचा. काळ्या बोटांनी उचलायचा आणि तोंडात टाकायचा. हात धुवायचं कोणाच्या मनातही येत नसे. गूळ खातोयच की, तो काय ते बघून घेईल, असा सगळा मामला. साडू भट्टीपाशी उकिडवा बसून डोळे मिटून तो खडा चघळायचा, आणि मी पुढे सोड्याच्या पाण्यात हात घालून त्याच्याकडे बघत राहायचो. पेलाभर दुधासाठी मोठा माणूस एवढा तळमळू शकतो यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही.

सहा वर्षं मी ते बघितलं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की साडूचा उजवा हात पळी धरताना मनगटातून खाली लोंबतो. दुसऱ्या हाताने तो त्याला आधार द्यायचा. शिशाचे थेंब साच्याबाहेर पडायला लागले होते, पट्ट्या वाया जात होत्या. मी भाऊबंदासारखा त्याच्याजवळ जाऊन विचारायला हवं होतं, काय होतंय. मी शेठकडे गेलो. ते एकटे असतील अशी वेळ साधून गेलो.

"शेठ, भट्टीवर धड हात पायजे," मी म्हणालो. "त्यांचा हात कापतो. एक दिस कोनाचा तरी पाय भाजंल."

मला कोणाच्या पायाची काळजी नव्हती. शेठ विचारात पडले. दुसऱ्या दिवशी साडूला पुढे काउंटरवर बसवलं, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या बघायच्या आणि गिऱ्हाईकाशी बोलायचं. मला मागे भट्टीवर. पळी साडूनेच माझ्या हातात दिली. मला वाटलं आता तो काहीतरी विचारेल, भांडेल. त्याने भट्टी किती तापली की शिसं ओतायचं तेवढं दाखवलं आणि पुढे जाऊन बसला.

त्या दिवशी माझं दूध आलं तेव्हा मी ते भट्टीपाशी बसून प्यायलो नाही. पेला घेऊन काउंटरपर्यंत चालत गेलो, साडूच्या समोर उभा राहिलो आणि घोट घोट करत संपवलं. ओठावरची साय पुसलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. गुळाचा खडाही तिथेच उभा राहून चघळायचो. महिनाभर तरी माझा हा नेम चालला असेल. आता लिहिताना कानशिलं गरम होतात, पण तेव्हा मला त्या दुधाची जी चव लागली ती पुन्हा कशाला लागली नाही.

पुढे माझ्या लक्षात आलं की काउंटरवर पंखा आहे. खुर्ची आहे. साडू धुतलेला शर्ट घालून यायला लागला आणि संध्याकाळी तो तसाच पांढरा घरी न्यायला लागला. बागायतदार मंडळी त्याच्याशी तंबाखू मळत गप्पा मारायची, त्याला राव म्हणायची. वर्षभरात त्याचा हातही सुधारला. पुढे त्या ओळखींवरच त्याने राहात्यात स्वतःचं दुकान टाकलं, नव्या बॅटऱ्यांचं, काचेच्या दाराचं. मी त्याची जागा घेतली आणि त्याला माझ्याहून चांगली मिळाली. भट्टी मी बावीस वर्षं केली, बंद डब्यातल्या नव्या बॅटऱ्या आल्या आणि दुरुस्तीचा धंदाच बसला तोपर्यंत. मग आम्ही सासुरवाडीलाच, देवळालीत राहायला आलो.

मधल्या काळात मला अधूनमधून पोटात असा पीळ पडायचा की मी भट्टीपाशी आडवा व्हायचो. त्यावर मी गूळ वाढवला. हिरड्यांच्या कडेला काळी रेघ आली तेव्हा बायकोने मी चोरून तंबाखू खातो म्हणून आठवडाभर अबोला धरला. मी शपथ घेतली तरी तिला पटलं नाही.

तर त्या लग्नानंतर बायको मला नगरला घेऊन गेली. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडात नगरच येतं. तिथल्या एका दवाखान्यात लघवीच्या आजारांचे डॉक्टर बसतात. तरुण माणूस, शांत बोलणारा. त्यांनी हातमोजा घालून मागून तपासलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, पण तपासताना त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि ते मध्येच बोलायचे थांबले, हे माझ्या ध्यानात राहिलं. प्रोस्टेटची गाठ कडक लागतेय म्हणाले. रक्त तपासायला सांगितलं, पीएसए म्हणून असतं ते. तो आकडा वाढलेला निघाला. मग म्हणाले, सुईने तुकडे काढून तपासू, म्हणजे साधी वाढ आहे की कॅन्सर ते कळेल.

तुकडे काढले त्या दिवशी त्यांनी मला कामधंदा विचारला. मी भट्टीचं सांगितलं. मग ते खोदून विचारायला लागले, मास्क होता का, हात कुठे धुवायचा, जेवायला कुठे बसायचा. मला वाटलं आता आपली हुशारी सांगावी. म्हणालो, डॉक्टर, आमचे शेठ काळजी घ्यायचे, बावीस वर्षं रोज दूध आणि गूळ खाल्लाय मी.

त्यांनी पेन खाली ठेवलं. गूळ कुठे ठेवलेला असायचा, विचारलं. मी फळीचं सांगितलं, मुंग्यांचंही सांगितलं.  डॉक्टर काही रागावले नाहीत. भट्टीचा धूर आणि धूळ त्या ढेपेवर बसायची, छिन्नीला आणि बोटांना शिसं असायचंच, आणि मी ते गुळाबरोबर पोटात घालत होतो, असं त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. शिसं खाली उतरत नाही, हाडांत जाऊन बसतं म्हणाले. जुन्या प्लेटांमध्ये नुसतं शिसंही नसतं, आणखीही धातू मिसळलेले असतात. मी विचारलं, मग हे दुखणं त्यानेच झालं का.

"तसं मी म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "ज्यांनी भट्टी कधी बघितलीही नाही अशांनाही या वयात हे होतं. काही धातूंचा संबंध असावा अशी शंका आहे, पण तज्ज्ञांचं त्यावर एकमत नाही. तुमच्या बाबतीत तर नक्की कोणीच सांगू शकणार नाही. उगाच कोणाला दोष देत बसू नका."

हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे लिहिले आहेत. ते मला पाठ आहेत.

घरी येताना एस.टी.त बायको म्हणाली, दाजींनीपण कितीतरी वर्षं भट्टी केली होती, त्यांनाही तपासून घ्यायला सांगायला हवं. तिने तिथूनच बहिणीला फोन लावला. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. त्याचा आकडा वाढलेला निघावा असं मला वाटत होतं. त्याने मरावं असं नाही, एवढा मी वाईट नाही. फक्त वाढलेला निघावा. माझ्याइतका नसला तरी चालेल.

चार दिवसांनी बायकोच्या मोबाईलवर त्याचा रिपोर्ट आला, खाली हात जोडल्याचं चित्र. सगळं नॉर्मल. बायको देवापुढे साखर ठेवायला गेली आणि मी तो आकडा मोठा करून बघत बसलो. मग माझाही रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले हळू वाढणारा आहे, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊ, घाबरून जाऊ नका. मी घाबरलो नव्हतो. मी चिडलो होतो, आणि कोणावर चिडायचं ते मला पाठ होतं.

पुढच्या रविवारी साडू आणि अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मला बघायला आले. राहात्याच्या पेरूंची पिशवी आणली होती, स्वतःच्या झाडांचे. दोघी बहिणी आत गेल्या. आम्ही दोघे ओट्यावर. बसल्या बसल्या साडू म्हणाला, जरा जाऊन येतो, आणि आमच्या न्हाणीघरात गेला. पत्र्याचं दार. मला सगळं ऐकू आलं. सत्तर वर्षांच्या माणसाने एवढा आवाज करू नये. परत आला तो पांढरा शर्ट नीट खोचत, आणि माझ्या शेजारी बसून म्हणाला, देवाची करणी, आपण काय करणार.

माझं डोकं फिरलं. देवाला कशाला मध्ये घालता असं म्हणणार होतो, पण तोंडातून दुसरंच आलं. मला पश्चात्ताप झाला होता असं कोणी समजू नये. तो एवढा धडधाकट समोर बसला होता, त्याला कुठेतरी लागावं एवढीच इच्छा होती, आणि माझ्याकडे फेकायला तेवढा एकच दगड होता.

"तुमाला भट्टीवरनं मी काढलं," मी म्हणालो. "शेठला मीच सांगितलं, तुमचा हात कापतो म्हनून."

तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. समोर रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती, ती जाऊ दिली.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "शेठनी त्याच दिशी सांगितलं हुतं."

मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलला का नाहीत. तो मग जे बोलला ते तुटक तुटक बोलला, माझ्याकडे न बघता. माझ्या चहाडीच्या आठ दिवस आधी तो हात दाखवायला नगरला गेला होता. तिथल्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की हे शिशामुळे होतंय, भट्टी सोड, नाहीतर हात कायमचा जाईल. दूध-गुळाने काही होत नाही हेही सांगितलं होतं. शेठला कसं सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. हात गेलेल्या माणसाला कोण ठेवून घेतो. तो रोज जीव मुठीत धरून पळी उचलत होता, आणि मी जाऊन त्याचं काम केलं.

"मला सुटल्यावानी झालं," तो म्हणाला. "पन तुमाला सांगायला पायजे हुतं. रोज ठरवायचो, आज सांगतो म्हनून. आन तुमी पेला घिऊन माझ्या म्होरं येऊन उभं ऱ्हायचा, दात काढत. मग म्हनायचो, पिऊ दे. लई माज हाय ना, पिऊ दे." मग म्हणाला, "नंतर माझं दुकान झालं. नंतर कसं सांगायचं तेच कळंना."

आतून बायकांच्या बोलण्याचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. मला आधी राग यायला हवा होता. या माणसाने मला बावीस वर्षं विष खाऊ दिलं होतं. पण खरं सांगायचं तर राग नंतर आला. आधी पुन्हा तोच जळफळाट. आयुष्यात मी त्याचं एकदाच वाकडं केलं होतं, त्या एका गोष्टीवर मी मनातल्या मनात त्याच्याशी बरोबरी करून बसलो होतो, आणि तीसुद्धा त्याच्याच पथ्यावर पडली होती. त्याचा हात माझ्या चहाडीने वाचला होता. माझ्याकडे माझं म्हणावं असं पापही त्याने ठेवलं नव्हतं.

त्याचे डोळे भरले होते. त्याने ते शर्टाच्या बाहीने पुसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर काय म्हनले? त्या भट्टीनंच झालं का हे?"

मी वर लिहिलेत ते डॉक्टरांचे सगळे शब्द माझ्या जिभेवर होते. ज्यांनी भट्टी बघितलीही नाही त्यांनाही होतं. नक्की कोणीच सांगू शकणार नाही. एवढं म्हटलं असतं तर तो अर्धा हलका होऊन घरी गेला असता, जेवला असता, पांढऱ्या शर्टात दुकानावर बसला असता. सगळंच त्याला कसं मिळायचं?

"व्हय," मी म्हणालो. "भट्टीनंच. डॉक्टर म्हनले, गुळातनं गेलं."

तो उठला नाही. चहा आला, त्याचा पेला तसाच गार झाला. जाताना अक्काने त्याला दोनदा हाक मारली तेव्हा तो भानावर आला.

पहिले काही दिवस मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. औषधाने वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं. मग अक्काचे बायकोला फोन यायला लागले. हे जेवणावरून उठतात. दुकानात लक्ष नाही. गोड तर तोंडाला लावत नाहीत, पोराच्या वाढदिवसाचा केकसुद्धा नाही. बायको मला विचारायची, ओट्यावर तुमचं काय बोलणं झालं. मी म्हणायचो, काही नाही, तब्येतीचं.

आणि इंजेक्शनच्या दिवशी तो यायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी साताला दारात गाडी उभी करतो. राहात्याहून वाट वाकडी करून देवळालीला येतो, मला घेतो आणि नगरला नेतो. गाडीचं दार उघडून धरतो. वाटेत मला तीनदा उतरावं लागतं, तो न सांगता झाडाचा आडोसा बघून गाडी थांबवतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. स्वतः तो कधी माझ्यासमोर जात नाही आता. नगरला पोचेपर्यंत दाबून धरतो आणि तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या संडासात जातो, हे मला एकदा कळलं. सासुरवाडीत सगळे म्हणतात, असा साडू मिळायला भाग्य लागतं. बायको म्हणते, दाजी देवमाणूस. म्हणजे तेही त्यालाच मिळालं.

सांगावं असं मला दर वेळी वाटतं. राहुरी फॅक्टरी मागे पडली की ठरवतो, विळद घाट आला की सांगतो. मग त्याच्याकडे बघतो. स्टेअरिंगवर दोन्ही हात घट्ट, एकही कापत नाही. आणि माझी जीभ अडकते, लघवी अडकते तशीच. सांगितलं तर तो यायचा थांबेल का, याची भीती वाटते. सांगूनही तो येतच राहिला तर, याची त्याहून जास्त वाटते.

गेल्या महिन्यात तिसऱ्या इंजेक्शनला गेलो. बाहेर बाकावर माझी फाईल मांडीवर घेऊन तो बसला होता. बारीक झालाय, शर्टाची कॉलर मानेला सैल होते. माझा नंबर आला तसा तोही उठला.

"मला डॉक्टरला एक इचारायचं हाय," तो म्हणाला. "त्यायेळी मी तुमाला सांगितलं असतं, तर हे टळलं असतं का. एवढंच."

मी म्हणालो, आत एकालाच सोडतात. त्याच्या हातातून फाईल घेतली आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, आकडा चांगला खाली आलाय म्हणाले. सुई देऊन झाल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं. त्या दाराला धुरकट काच आहे, बाहेरचा पांढरा शर्ट तिच्यातून दिसत होता, अगदी जवळ उभा. त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर कोणी आलंय का, त्यांना काही विचारायचं असेल तर आत बोलवा.

मी म्हणालो, कोणी नाही, एकटाच आलोय.